अँड्रॉइड ॲपमध्ये नेटिव्ह लायब्ररी (.एसओ फाइल) भरताना सारखे येणारे प्रश्न

ग्रेडलवर (ॲप बिल्ड करणाऱ्या टूलवर) अँड्रॉइड ॲप बनवताना सी किंवा सी++ ची तयार लायब्ररी सोबत द्यायची वेळ आली की ठराविकच गोष्टी अडतात, आणि तेच प्रश्न फिरून फिरून येतात. ते इथे एका जागी टाकलेत. साध्यापासून किचकटापर्यंत असा क्रम आहे, पण एरर हातात घेऊनच आला असाल तर सरळ प्रश्न ५ ला जा. फाइली आणि सेटिंगची नावं बोलतो तशी लिहिलीत. जिथे एजीपी म्हटलंय तिथे अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन समजा.

१. .एसओ फाइल म्हणजे काय आणि माझ्या ॲपमध्ये ती आली कुठून? मी तर फक्त कोटलिन लिहिलंय.

कोटलिन आणि जावाचा कोड बाइटकोड होऊन एआरटीवर (अँड्रॉइडच्या रनटाइमवर) चालतो, पण सी/सी++/रस्टचा कोड थेट प्रोसेसरच्या भाषेत कंपाइल होतो आणि त्या तयार गठ्ठ्याला शेअर्ड लायब्ररी म्हणजे .एसओ म्हणतात. आतून तो ईएलएफ फॉरमॅट असतो, लिनक्समध्ये असतो तोच. कोटलिनमधून त्यातले फंक्शन बोलवायचा रस्ता म्हणजे जेएनआय.

तुम्ही एक ओळ सी++ लिहिली नसेल तरी डिपेंडन्सीतून या फाइली येतात. एसक्यूएलसायफर, रिअल्म, ओपनसीव्ही यांच्यात असणार हे उघडच आहे, पण जेटपॅकच्या डेटास्टोअरमधूनही एक छोटीशी येते आणि कंपोझ वापरत असाल तर ग्राफिक्स-पाथ नावाची एक येते. त्यामुळे "आमचं ॲप नेटिव्ह नाहीये" असं म्हणायच्या आधी एकदा एपीके (ॲपची इन्स्टॉल होणारी फाइल) उघडून बघा, बऱ्याच जणांचं निघतं.

२. फाइल नक्की कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायची?

ॲप मॉड्यूलमध्ये एसआरसी/मेन/जेएनआयलिब्स, आणि त्याच्या आत प्रत्येक एबीआयचं (म्हणजे प्रोसेसरच्या प्रकाराचं) वेगळं फोल्डर: आर्म६४-व्ही८ए (६४-बिट, पुढे नुसतं आर्म६४), आर्मइएबीआय-व्ही७ए (३२-बिट, पुढे नुसतं व्ही७ए), एक्स८६, एक्स८६_६४. नावात एक डॅश इकडेतिकडे झाला तरी काम बिघडतं. या जागी ठेवलं की ग्रेडलला वेगळं काही सांगावं लागत नाही.

जुन्या एक्लिप्सच्या काळातले लेख वाचून लोक अजून फाइली लिब्स फोल्डरमध्ये टाकतात. तिथली जार उचलली जाते कारण बिल्ड फाइलमध्ये तशी ओळ असते, .एसओ उचलली जात नाही आणि बिल्ड तर हिरवा होतो, म्हणून कळतही नाही. तिथेच ठेवायची असेल तर सोर्ससेट्समध्ये जेएनआयलिब्सची सोर्स डिरेक्टरी म्हणून ते फोल्डर लिहून द्या.

गोंधळ आणखी एका कारणाने होतो, एकाच गोष्टीचं फोल्डर जागोजागी वेगळं आहे. सोर्समध्ये जेएनआयलिब्स, एएआरमध्ये (अँड्रॉइड लायब्ररीची पॅक केलेली फाइल) नुसतं जेएनआय, एपीकेत लिब, आणि बंडलमध्ये (गूगल प्लेवर चढवायची फाइल) बेस/लिब. एएआर अनझिप करून जेएनआय फोल्डर दिसलं तर ते बरोबरच आहे.

३. फाइलचं नाव काहीही चालतं का?

नाही. नाव लिब ने सुरू आणि .एसओ ने संपलं पाहिजे. फोनवरचा इन्स्टॉलर रिलीज ॲपमध्ये याच नमुन्याच्या फाइलींना लायब्ररी मानतो. लिनक्सच्या सवयीने शेवटी व्हर्जन लावलेली फाइल, म्हणजे लिबएसएसएल.एसओ.१.१ वगैरे, चालत नाही. नुसतं रीनेम करूनही भागत नाही कारण दुसरी लायब्ररी तिला जुन्याच नावाने शोधत असते (प्रश्न १० बघा).

कोडमध्ये मात्र पुढचं लिब आणि मागचं .एसओ दोन्ही काढायचं. फाइल लिबस्कॅनर.एसओ असेल तर सिस्टम.लोडलायब्ररीला फक्त "स्कॅनर" द्यायचं.

४. चारही एबीआय द्यायलाच पाहिजेत का? ॲपचा साइज केवढा होतो!

गूगल प्लेवर टाकायचं असेल तर ३२-बिटसोबत ६४-बिट द्यावंच लागतं, हा नियम ऑगस्ट २०१९ पासून आहे. म्हणजे आर्म६४ सुटत नाही. उलट बाजूने बघितलं तर पिक्सेल ७ पासून फक्त ६४-बिट ॲप चालवणारे फोनही आलेत, तिथे एकट्या व्ही७ए वर बनवलेलं ॲप इन्स्टॉलच होत नाही.

मग व्ही७ए काढून टाकायचं का? माझं मत, भारतातल्या लोकांसाठी ॲप असेल तर एवढ्यात नको. दोन जीबी रॅमचे अँड्रॉइड गो वाले फोन, दुकानातली पीओएस मशीनं, गोदामातले हँडहेल्ड स्कॅनर, यात प्रोसेसर ६४-बिट असला तरी वर टाकलेलं अँड्रॉइड ३२-बिट असतं असं भरपूर बघायला मिळतं. एक्स८६ ची दोन्ही मुख्यतः एमुलेटर आणि काही क्रोमबुकपुरती. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर एमुलेटरही आर्म६४ चाच असतो, आणि अँड्रॉइड ११ पासूनच्या एक्स८६ इमेज आर्मचा कोड भाषांतर करून चालवू शकतात, त्यामुळे ती दोन रिलीजमधून वगळली तर सहसा कोणाचं अडत नाही.

जुनं आर्मइएबीआय (मागे व्ही७ए नसलेलं) आणि मिप्स एनडीकेच्या (अँड्रॉइडसाठी सी/सी++ कंपाइल करायचं किट) आर१७ मध्येच काढून टाकलेत, कोणी ती फोल्डरं देत असेल तर त्या एसडीकेचं (बाहेरून घेतलेल्या तयार लायब्ररीचं) वय समजून घ्या.

साइजचं टेन्शन बंडलने बरंच जातं. प्ले प्रत्येक फोनला त्याच्याच एबीआयचा तुकडा पाठवतं. एपीके हाताने वाटत असाल तरच स्प्लिट्समधली एबीआय वाटणी करा, आणि ती चालू असताना एनडीके ब्लॉकमध्ये एबीआय फिल्टर्सही लिहिलेत तर ग्रेडल कॉन्फ्लिक्ट म्हणून थांबतं. दोन्हीपैकी एकच ठेवा.

५. अनसॅटिस्फाइडलिंकएरर येतोय. नेटवरचे सगळे उपाय करून झाले, काय करू?

सगळे उपाय करणं थांबवा आधी. हा एरर एका नावाखाली पाच-सहा वेगवेगळ्या बिघाडांना येतो आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. इनव्हॅलिडेट कॅश, क्लीन, रिबिल्ड करत बसण्यापेक्षा दोन गोष्टी करा, एपीके उघडा आणि मेसेज शेवटपर्यंत वाचा. एपीके उघडायला स्टुडिओच्या बिल्ड मेन्यूत अनालाइझ एपीके आहे, नाहीतर झिपच आहे ती, कशानेही उघडते. लिब फोल्डरमध्ये कुठल्या एबीआयखाली कोण आहे ते बघून घ्या.

आता मेसेज. "कुडन्ट फाइंड लिबअमुक" असं म्हणून पुढे पाथची लांबलचक यादी असेल तर फाइल त्या एबीआयसाठी एपीकेत पोचलेलीच नाही, म्हणजे भांडण बिल्डशी आहे, प्रश्न ६ आणि ७ बघा.

"डीएलओपन फेल्ड: लायब्ररी तमुक नॉट फाउंड" असेल तर ते तमुक नाव नीट वाचा. बहुतेक वेळा ते तुमच्या लायब्ररीचं नसतंच, तिला लागणाऱ्या दुसऱ्या कुणाचं तरी असतं. तुमची सापडली, उघडली, आणि तिची सोबतीण सापडेना. प्रश्न १० आणि ११.

"कॅनॉट लोकेट सिंबल" म्हणजे फाइली सगळ्या आहेत पण आतलं एखादं फंक्शन मिळत नाहीये. दोन नेहमीचे गुन्हेगार: सी++ शेअर्ड लायब्ररीची चुकीची प्रत (प्रश्न ८), किंवा लायब्ररी वरच्या एपीआय लेव्हलसाठी कंपाइल केली आणि फोन जुना निघाला. दुसरं असेल तर नव्या फोनवर चालतं आणि जुन्यावर पडतं, त्यावरून ओळखू येतं.

"नो इम्प्लिमेंटेशन फाउंड फॉर" असेल तर लायब्ररी लोडच झालेली नाही (लोडलायब्ररीची ओळ त्या रस्त्यावर पळालीच नाही) किंवा लोड झाली पण फंक्शनचं नाव जुळत नाही. प्रश्न १२.

"इज ३२-बिट इन्स्टेड ऑफ ६४-बिट" हे सगळ्यात सोपं, कोणीतरी व्ही७ए ची फाइल आर्म६४ च्या फोल्डरमध्ये कॉपी केलीय. आणि "बॅड ईएलएफ मॅजिक" असेल तर प्रश्न ७ चा उत्तरार्ध.

६. काल चालत होतं. आज एक नवीन एसडीके टाकली आणि माझी स्वतःची लायब्ररी सापडेना झाली, असं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि कारण कळल्यावर सगळे डोक्याला हात लावतात. ॲप इन्स्टॉल होताना फोन एकदाच ठरवतो की हे ॲप कुठल्या एबीआयचं, आणि नंतर त्या एकाच फोल्डरमधून सगळं लोड होतं. प्रोसेस एकतर ३२-बिट असते नाहीतर ६४-बिट, अर्धी अर्धी नसते.

समजा तुमच्याकडे थर्मल प्रिंटरची लायब्ररी आहे जी फक्त व्ही७ए मध्ये मिळालीय. आतापर्यंत एपीकेत फक्त व्ही७ए फोल्डर होतं, म्हणून ६४-बिट फोनसुद्धा ॲप ३२-बिटमध्ये चालवायचा आणि सगळं गोड होतं. नवीन एसडीकेने चारही एबीआयच्या फाइली आणल्या. आता आर्म६४ फोल्डर तयार झालं, फोनने ते उचललं, आणि त्यात तुमची प्रिंटरवाली नाहीच. एसडीकेची चूक नाही, तुमच्या कोडचीही नाही.

खरा उपाय एकच, प्रिंटरवाल्याकडून ६४-बिट फाइल मागून घ्या. तोपर्यंत एबीआय फिल्टर्समध्ये फक्त व्ही७ए लिहून दुसऱ्या सगळ्या फोल्डरांना बाहेर ठेवता येतं, पण ते प्लेवर जाणार नाही (प्रश्न ४), ऑफिसातल्या ठराविक डिव्हाइसवर हाताने टाकायचं असेल तेवढ्यापुरतंच.

७. माझ्या लॅपटॉपवर बनवलेली एपीके चालते, सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) बनवलेली क्रॅश होते. कोड तोच आहे.

कोड तोच असेल, फाइली त्याच आहेत का ते बघा. सी आणि सी++ साठी मिळणाऱ्या तयार गिटइग्नोअरमध्ये सगळ्या .एसओ वगळणारी ओळ असते. तुमच्या मशीनवर फाइल डिस्कवर आहे म्हणून बिल्डमध्ये येते, रिपॉझिटरीत ती कधी गेलीच नाही. जेएनआयलिब्ससाठी अपवादाची ओळ टाका आणि फाइल एकदा जबरदस्तीने ॲड करा.

दुसरा प्रकार जरा मजेशीर आहे. फाइल एपीकेत दिसते, पण लोड करताना "हॅज बॅड ईएलएफ मॅजिक: ७६६५७२७३" असं येतं. ते चार बाइट एएससीआयमध्ये वाचले तर व्ही-ई-आर-एस निघतात, म्हणजे "व्हर्जन" या शब्दाची सुरुवात. गिट एलएफएसची (मोठ्या फाइली वेगळ्या ठेवायची गिटची सोय) पॉइंटर फाइल याच शब्दाने सुरू होते! सीआयने रेपो क्लोन केला पण एलएफएस ओढलं नाही, म्हणून काही एमबीच्या लायब्ररीच्या जागी शेसव्वाशे बाइटची टेक्स्ट फाइल एपीकेत जाऊन बसली. खऱ्या ईएलएफचे पहिले बाइट ७एफ ४५ ४सी ४६ असतात. चेकआउटच्या स्टेपमध्ये एलएफएस चालू करा. ग्रेडल याबद्दल फार आरडाओरडा करत नाही, स्ट्रिप करता आलं नाही एवढीच एक वॉर्निंग देऊन पुढे जातं (प्रश्न १७).

८. "टू फाइल्स फाउंड विथ पाथ लिब/आर्म६४-व्ही८ए/लिबसी++_शेअर्ड.एसओ" यावर पिकफर्स्ट टाकलं की झालं ना?

बिल्ड होतो. झालं की नाही ते नंतर कळतं.

ही फाइल म्हणजे एनडीकेसोबत येणारी सी++ ची स्टँडर्ड लायब्ररी. ज्या ज्या एसडीकेने शेअर्ड पर्याय वापरून कंपाइल केलंय ती प्रत्येक एसडीके स्वतःच्या एएआरमध्ये तिची एक प्रत घालून पाठवते. रिॲक्ट नेटिव्ह एक आणतं, ओपनसीव्ही एक आणतं, व्हिडिओ कॉलिंगवाले एक आणतात. एपीकेत त्या पाथवर एकच राहू शकते, म्हणून ग्रेडल विचारतं कुठली ठेवू.

पॅकेजिंगमधल्या जेएनआयलिब्स ब्लॉकमध्ये पिकफर्स्ट्स लिहिलं की पहिली सापडलेली राहते. पहिली म्हणजे नवी नव्हे, चांगलीही नव्हे, नुसती रांगेत पुढे असलेली. जुन्या एनडीकेची प्रत राहिली आणि नव्या एनडीकेने बनवलेल्या लायब्ररीला तिच्यातलं नसलेलं फंक्शन लागलं की "कॅनॉट लोकेट सिंबल". शिवाय जुनी प्रत ४ केबी अलाइनमेंटची असते, म्हणजे तुमची स्वतःची लायब्ररी व्यवस्थित असूनही १६ केबीच्या तपासणीत ॲप नापास (प्रश्न १५). डिपेंडन्सीचा क्रम बदलला, एखादं व्हर्जन वाढवलं की निवडही गुपचूप बदलू शकते.

मी काय करा म्हणेन: सगळ्यात नव्या एनडीकेतली प्रत ॲप मॉड्यूलच्या स्वतःच्या जेएनआयलिब्समध्ये ठेवा, पिकफर्स्ट लिहा, आणि बनलेल्या एपीकेत कुठली गेली ते फाइलच्या साइजवरून ताडून बघा. नव्या प्रतीवर जुन्या लायब्ऱ्या सहसा चालतात, उलटं चालेलच याची खात्री नाही. आणि पॅटर्नमध्ये सगळ्या .एसओ पकडणारा स्टार टाकू नका, उद्या दोन खरोखर वेगळ्या लायब्ऱ्या एकाच नावाच्या आल्या तर तो तेही झाकून टाकेल.

९. मग सगळं स्टॅटिक करून टाकलं तर ही कटकटच नको?

तुमच्या ॲपमध्ये एकच नेटिव्ह लायब्ररी असेल तर खुशाल स्टॅटिक करा (म्हणजे स्टँडर्ड लायब्ररी वेगळी फाइल न ठेवता आतच मिसळा), सीमेकमध्ये (सी++ बिल्ड करायचं टूल) डीफॉल्टही तेच आहे. दोन किंवा जास्त असतील आणि त्या एकमेकींशी सी++ चे ऑब्जेक्ट, स्ट्रिंग, एक्सेप्शन यांची देवाणघेवाण करत असतील तर प्रत्येकीच्या पोटात स्टँडर्ड लायब्ररीची वेगळी प्रत असते. एकीने फेकलेलं एक्सेप्शन दुसरीला ओळखू येत नाही, एकीने घेतलेली मेमरी दुसरी सोडायला जाते. क्रॅश कधीतरीच होतो आणि भलत्याच जागी दिसतो. एसडीके बनवून दुसऱ्यांना देणार असाल तर बाहेर फक्त साधा सीचा इंटरफेस ठेवा आणि आत स्टॅटिक, म्हणजे कोणाच्या अध्यात ना मध्यात.

१०. "लायब्ररी सी:/यूजर्स/… नॉट फाउंड" असा एरर फोनवर येतोय. अँड्रॉइडवर सी ड्राइव्ह कुठून आला?

तो बिल्ड केलेल्या माणसाच्या मशीनवरून आला. प्रत्येक शेअर्ड लायब्ररीच्या आत तिचं स्वतःचं नाव नोंदवायची एक जागा असते, तिला एसओनेम म्हणतात. दुसरी लायब्ररी तिच्याशी लिंक होताना ते नाव "मला ही लागते" या यादीत लिहून घेते. एसओनेमच भरलेलं नसेल तर लिंकर ज्या पाथवर फाइल सापडली तो पूर्ण पाथ लिहून मोकळा होतो. मग फोन ती फाइल तुमच्या विंडोजच्या युजर फोल्डरमध्ये शोधतो.

एनडीकेतल्या एलएलव्हीएम-रीडईएलएफला -डी देऊन दोन्ही फाइली बघा. आधी लागणाऱ्या लायब्ररीत एसओनेमची ओळ आहे का, आणि मग वापरणाऱ्या लायब्ररीत नीडेडच्या ओळीत नुसतं नाव आहे की पाथ. लायब्ररी तुमची असेल तर एसओनेम देऊन परत बनवा. दुसऱ्याची असेल तर पॅचईएलएफ नावाच्या टूलने एसओनेम बसवता येतं. सीमेकमध्ये इम्पोर्टेड टार्गेटला "एसओनेम नाही" ही प्रॉपर्टी लावली तरी पाथऐवजी नाव लिहिलं जातं. प्रश्न ३ मधल्या शेवटी व्हर्जन असलेल्या नावांनाही पॅचईएलएफच लागतं, फाइलचं नाव, एसओनेम आणि वापरणाऱ्यांची नीडेड यादी तिन्ही बदलायची.

याच्याच जवळचा एक घोळ: सीमेकमधून लिंक केलेली तयार .एसओ एजीपी ४.० पासून आपोआप पॅक होते. त्याआधीच्या सवयीने तीच फाइल जेएनआयलिब्समध्येही ठेवलेली असेल तर "टू फाइल्स फाउंड" येतो. तिथे पिकफर्स्ट नको, फाइल जेएनआयलिब्समधून काढून दुसऱ्या फोल्डरात ठेवा.

११. फोनमध्ये आधीच लिबएसएसएल, लिबएसक्यूलाइट आहेत, मग मी माझ्या का भरू?

कारण त्या तुमच्यासाठी नाहीत. अँड्रॉइड ७.० पासून ॲपला सिस्टमच्या खासगी लायब्ऱ्या उघडू देत नाहीत. एनडीकेच्या जाहीर यादीतल्या (लिबसी, लिबएम, लिबलॉग, लिबझेड, लिबअँड्रॉइड, ईजीएल, जीएलईएस, मीडिया एनडीके वगैरे) तेवढ्याच वापरायच्या, बाकी सगळं स्वतःच्या एपीकेत.

अपवाद म्हणजे फोन बनवणाऱ्या कंपनीने मुद्दाम उघड्या ठेवलेल्या लायब्ऱ्या, ओपनसीएल हे नेहमीचं उदाहरण. टार्गेट अँड्रॉइड १२ किंवा वर असेल तर मॅनिफेस्टमध्ये यूजेस-नेटिव्ह-लायब्ररी असा टॅग देऊन ती मागावी लागते. रिक्वायर्ड फॉल्स ठेवा, नाहीतर ज्या फोनमध्ये ती नाही तिथे ॲप इन्स्टॉलच होणार नाही.

१२. लायब्ररी लोड होते, तरी "नो इम्प्लिमेंटेशन फाउंड". फंक्शन तर समोर दिसतंय.

तीन गोष्टी या क्रमाने बघा. सी++ फाइलमध्ये फंक्शनच्या आधी एक्स्टर्न सी लिहिलंय का, नसेल तर कंपायलर नाव मोडूनतोडून ठेवतो. मग पॅकेजचं नाव, नेटिव्ह फंक्शनच्या नावात पॅकेज आणि क्लास जसेच्या तसे लागतात, क्लास दुसऱ्या पॅकेजमध्ये हलवला की इकडचं नाव जुनंच राहतं. आणि पॅकेजमध्ये किंवा मेथडमध्ये अंडरस्कोर असेल तर जेएनआयच्या नावात तिथे अंडरस्कोर-एक लिहायचं असतं, नुसता अंडरस्कोर म्हणजे टिंब समजलं जातं. हे तिसरं खूप जणांना माहीत नसतं. कोटलिनमध्ये कंपॅनियन ऑब्जेक्टमधलं एक्स्टर्नल फंक्शन असेल तर क्लासच्या नावाला कंपॅनियनही जोडलं जातं, तेही लक्षात ठेवा.

१३. डीबगमध्ये सुरळीत, रिलीजमध्ये नेटिव्ह कोडवरून क्रॅश. का?

आर८, म्हणजे रिलीजमध्ये न वापरलेला कोड काढणारं आणि नावं छोटी करणारं टूल. कोटलिनमधून नेटिव्हकडे जाणारी नावं अँड्रॉइडच्या डीफॉल्ट नियमांनी वाचतात, पण उलट्या दिशेने, सी++ मधून फाइंडक्लास किंवा गेटमेथडआयडी करून बोलवलेले क्लास आणि कॉलबॅक आर८ ला दिसत नाहीत. त्याला वाटतं कोणी वापरत नाही, तो नाव बदलतो किंवा उडवतो. त्या क्लाससाठी कीप नियम लिहा. एएआर बनवत असाल तर नियम कन्झ्युमर रूल्समध्ये घाला, वापरणाऱ्याच्या भरवशावर सोडू नका.

१४. एजीपी अपडेट केलं आणि एपीके एकदम मोठी झाली. काहीतरी जास्तीचं येतंय का?

बहुतेक काही जास्तीचं नाही, आधी .एसओ झिपमध्ये दाबून ठेवायचे, आता दाबत नाहीत. मिनएसडीके (ॲप चालणारी सगळ्यात जुनी एपीआय लेव्हल) २३ किंवा वर असेल तर नवं एजीपी लायब्ररी न दाबता, पेजच्या हद्दीवर नीट बसवून ठेवतं आणि फोन ती एपीकेतूनच थेट उघडतो. जुन्या पद्धतीत इन्स्टॉल होताना फाइल बाहेर काढून दुसरी प्रत ठेवली जायची, म्हणजे फोनवर जागा दुप्पट. प्लेवरून उतरवताना प्ले स्वतःच दाबून पाठवतं, त्यामुळे डाउनलोड वाढत नाही.

व्हॉट्सॲपवरून किंवा लिंकवर एपीके वाटणाऱ्यांना मात्र वाढलेला साइज खरोखर टोचतो. त्यांनी यूजलेगसीपॅकेजिंग (जुन्या, दाबून ठेवायच्या पद्धतीचं सेटिंग) ट्रू केलं तरी चालेल.

दुसरा अपवाद जास्त महत्त्वाचा आहे. काही ॲप एफएफएमपेगसारखा (व्हिडिओ-ऑडिओवर काम करणारा) आख्खा एक्झिक्युटेबल प्रोग्राम लिबएफएफएमपेग.एसओ असं नाव देऊन भरतात आणि नेटिव्हलायब्ररीडिर मधून वेगळी प्रोसेस म्हणून चालवतात. ही पळवाट का, तर टार्गेट अँड्रॉइड १० किंवा वर असेल तर ॲपच्या स्वतःच्या डेटा फोल्डरमधली फाइल एक्झिक्यूट करता येत नाही (टर्मक्स हे टर्मिनल ॲप याच कारणाने टार्गेट २८ वर थांबलंय). आता फाइल एपीकेतच राहिली तर नेटिव्हलायब्ररीडिर रिकामं दिसतं आणि "नो सच फाइल" येतो. अशांना यूजलेगसीपॅकेजिंग ट्रू लागतंच. मॅनिफेस्टमध्ये एक्स्ट्रॅक्टनेटिव्हलिब्स हाताने लिहू नका, एजीपी हल्ली त्यावर वॉर्निंग देतं, बिल्ड फाइलमधूनच करा.

१५. १६ केबी पेज साइजचं नक्की काय करायचं? प्ले कन्सोल लाल दाखवतंय.

अँड्रॉइडमध्ये मेमरीचं पान इतकी वर्षं ४ केबीचं होतं. अँड्रॉइड १५ पासून १६ केबीच्या पानांवर चालणारे डिव्हाइस येऊ शकतात, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा वर टार्गेट करणाऱ्या नव्या ॲप्सना आणि अपडेट्सना प्लेवर हा सपोर्ट बंधनकारक केलाय. नुसतं कोटलिन असेल तर तुम्हाला काही करायचं नाही. .एसओ असेल तर तीन ठिकाणी बघायचं, आणि लोक पहिलं करून थांबतात.

पहिलं, लायब्ररीच्या आतली अलाइनमेंट. एनडीके आर२८ पासून डीफॉल्टच १६ केबी आहे. आर२७ मध्ये फ्लेक्सिबल पेज साइजचा पर्याय चालू करावा लागतो. त्याहून जुना असेल तर लिंकरला मॅक्स-पेज-साइज १६३८४ द्यायचं. तपासायला रीडईएलएफ -एल चालवा, लोड लिहिलेल्या ओळींच्या शेवटी ०एक्स४००० किंवा जास्त असेल तर पास, ०एक्स१००० म्हणजे ४ केबी, नापास. फक्त ६४-बिटच्या फाइली बघायच्या, व्ही७ए आणि एक्स८६ ला हा नियम नाही.

दुसरं, झिपमधली जागा. न दाबलेली लायब्ररी एपीकेच्या आत १६ केबीच्या हद्दीवर सुरू झाली पाहिजे. एजीपी ८.५.१ पासून हे आपोआप होतं. त्याआधीच्या एजीपीवर अडकला असाल तर यूजलेगसीपॅकेजिंग ट्रू करून दाबून पाठवणे हा मार्ग आहे. झिपअलाइनला -सी -पी १६ -व्ही ४ देऊन तपासता येतं.

तिसरं, कोडमध्ये ४०९६ हा आकडा हाताने लिहिलेला असणे. एममॅप करणाऱ्या, स्वतःचा मेमरी ॲलोकेटर असलेल्या कोडमध्ये हे हमखास सापडतं. त्या जागी सिसकॉन्फने पेज साइज विचारून घ्या. पहिल्या दोन तपासण्या पास होऊनही ॲप याच्यामुळे पडू शकतं, म्हणून १६ केबीच्या एमुलेटर इमेजवर एकदा खरोखर चालवून बघा.

१६. लायब्ररी व्हेंडरची आहे, सोर्स नाही, व्हेंडर म्हणतो "हमारे यहाँ चल रहा है". १६ केबीसाठी मीच काही करू शकतो का?

नाही. अलाइनमेंट लिंक करताना ठरते, तयार .एसओ वर बाहेरून फ्लॅग लावून ती बदलत नाही. यूजलेगसीपॅकेजिंगनेही हे सुटत नाही, ते फक्त प्रश्न १५ मधल्या दुसऱ्या भागाला लागू आहे. फिंगरप्रिंट स्कॅनर, कार्ड रीडर, सीसीटीव्ही प्लेअर यांच्या एसडीकेत हे दुखणं जास्त दिसतं.

व्हेंडरला नुसतं "१६ केबी सपोर्ट द्या" असं लिहिलं तर मेल पुढे सरकत नाही. फाइलचं नाव, एबीआय, रीडईएलएफमधली लोडची ओळ आणि "आर२८ ने परत लिंक करून द्या" एवढं लिहा, मग ते थेट त्यांच्या बिल्ड करणाऱ्या माणसापर्यंत पोचतं. त्या फीचरशिवाय ॲप चालण्यासारखं असेल तर लायब्ररी वेगळ्या फ्लेवरमध्ये (ॲपच्या वेगळ्या बिल्डमध्ये) काढून ठेवा, म्हणजे तेवढ्यासाठी आख्खं रिलीज अडणार नाही.

१७. "अनेबल टु स्ट्रिप द फॉलोइंग लायब्ररीज" ही वॉर्निंग घातक आहे का?

सहसा नाही. एजीपी रिलीजमध्ये लायब्ररीतली डीबगची माहिती काढून टाकतं, त्यासाठी एनडीकेतलं टूल लागतं. एनडीके इन्स्टॉल नसेल किंवा बिल्ड फाइलमधलं व्हर्जन मशीनवर नसेल तर लायब्ररी आहे तशी पॅक होते. ती आधीच स्ट्रिप केलेली असेल तर फरक शून्य, नसेल तर एपीके फुगते. एकदा साइज बघून घ्या, आणि फाइलच खोटी नाही ना तेही (प्रश्न ७).

यालाच जोडून, प्लेवरच्या नेटिव्ह क्रॅशमध्ये नुसते हेक्स पत्ते दिसत असतील तर एनडीके ब्लॉकमध्ये डीबगसिंबललेव्हल लिहा. सिंबल टेबल दिलं तर फंक्शनची नावं मिळतात, फुल दिलं तर ओळीचा नंबरही. बंडलमध्ये हे सोबत जातं आणि फोनवर उतरत नाही.

१८. रास्पबेरी पायवर चालणारी एआर्च६४ ची .एसओ आहे, फोनही एआर्च६४ च आहे, तशीच टाकली तर?

प्रोसेसर एक असला तरी खाली सी लायब्ररी वेगळी आहे. पायवर जीलिबसी, अँड्रॉइडवर बायोनिक. लोड करताना "लिबसी.एसओ.६ नॉट फाउंड" येईल, आणि पॅचईएलएफने नाव बदलून फसवायला गेलात तर पुढे सिंबल मिळणार नाहीत. सोर्स घेऊन एनडीकेनेच कंपाइल करा.

१९. एफएफएमपेग भरलंय, लायसन्सचं काही बघावं लागतं का?

हो. एफएफएमपेग मुळात एलजीपीएल २.१ किंवा नंतरचं आहे, पण एक्स२६४ सारखे भाग चालू करून बनवलं की आख्खं जीपीएल होतं, आणि क्लोज्ड सोर्स ॲपला ते झेपणारं नाही. तयार बिल्ड कुठूनतरी उचललं असेल तर ते कुठल्या कॉन्फिगर पर्यायांनी बनवलंय ते आधी बघा, ती ओळ लायब्ररीच्या आतच असते आणि एव्हीकोडेक_कॉन्फिगरेशन हे फंक्शन बोलवलं की मिळते. एलजीपीएल असेल तर वेगळी .एसओ म्हणून ठेवा, आपल्या लायब्ररीत स्टॅटिक मिसळू नका, आणि ॲपच्या अबाउट पानावर लायसन्स व सोर्सची लिंक द्या.